भोंग्याची साक्ष

"आक्का, ही कॉलर जरा पुन्हा बघशील का गं?"

मशिनं चालू होती म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं नाही, पण ज्यांना गेलं त्यांनी पेडलवरचे पाय उचलले. भोंगा कॉलर हातात धरून उभी होती. कॉलरचं एक टोक वर, दुसरं खाली. अशी कॉलर भोंग्याच्या हाती लागली की पुढे काय होतं ते आम्हाला पाठ होतं. आधी आक्काच्या डोळ्यांचा उद्धार, मग हातांचा, मग जिने तिला शिवण शिकवलं तिचा, आणि शेवटी कॉलर फाडकन मशिनवर. त्या दिवशी भोंग्याच्या ओठांत एक टाचणी होती. ती तिने काढली, खांद्यावरच्या मापाच्या पट्टीत खोचली आणि ते वाक्य बोलली. "गं"सकट.

आक्का जाड चष्म्यातून तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुला बरं नाहीये का?"

आमचा कारखाना शर्टांचा. मी लाइनच्या शेवटी, तपासणीच्या टेबलावर. शिवून झालेला शर्ट माझ्यापुढे येतो, मी तो उलटा करते आणि खोट काढते. लोकांच्या कामात खोट काढून काढून माझा स्वभावच तसा झालाय, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे. त्याच्यातही आहेच.

भोंगा आमची सुपरवायझर. शिफ्ट सुटायचा भोंगा एकदा बिघडला, तेव्हा जुन्या साहेबाने हिलाच जिन्यात उभं राहून ओरडायला सांगितलं होतं. शेजारच्या कारखान्यातल्या बायकासुद्धा डबे उचलून घरी निघाल्या. तेव्हापासून ती भोंगा. तिला ते नाव ठाऊक होतं आणि आवडायचंही.

तिची शिवी साधी नसायची. "हात आहेत का पळ्या?" "ह्या बाहीतनं माणसाचा हात जायचाय, म्हशीची मान नाही." "डोकं येताना घरी विसरलीस, ते ठीक. पण तिथं तरी कुणी वापरतंय का?" लांबून ऐकणाऱ्याला हसू यायचं. जिला बसायची ती मोरीत जाऊन तोंड धुऊन यायची. एक हुशार पोर, काज करणारी, अशीच एकदा तोंड धुवायला गेली ती परत आलीच नाही. डबा तसाच राहिला तिचा.

पण तेही एकच अंग झालं. एकीच्या बोटातून सुई आरपार गेली आणि जुना साहेब म्हणाला, शिफ्ट संपल्यावर बघू, तेव्हा ह्याच भोंग्याने केबिनच्या काचा हादरवल्या होत्या. साहेबाला तिने जे जे म्हटलं ते मी इथे लिहू शकत नाही. मग ती स्वतः पोरीला घेऊन दवाखान्यात गेली. आम्हाला शिव्या द्यायची आणि आमच्या वतीनेही द्यायची. ह्यातलं पहिलं आम्ही लक्षात ठेवलं, दुसरं धरून चाललो.

ती जन्माने ख्रिस्ती. रविवारी चर्चला जायची आणि सोमवारी पुन्हा आमच्या आईबापांवर घसरायची. ह्या दोन गोष्टींची गाठ कधी पडली नव्हती. ती पडली तिच्या नातीमुळे. नात बाहुली घेऊन खेळत होती आणि बाहुलीवर ओरडत होती, "हात आहेत का पळ्या?" बाहुलीचे हात केव्हाच तुटलेले होते. भोंगा मला म्हणाली, "माझाच आवाज गं. आणि इतका घाण. एवढी वर्षं मी हे लोकांच्या कानात ओतत होते?"

तिच्या चर्चच्या पाळकांनी तिला सांगितलं, जीभ तुला एकटीला आवरायची नाही, ती प्रभूच्या हाती दे. बोलायच्या आधी क्षणभर थांब, तो समोर उभा आहे असं समज आणि मग तोंड उघड. भोंग्याला थांबणं कुठलं जमायला! मग तिने स्वतःच तोड काढली. राग आला की ओठांत टाचणी धरायची. टाचणी तोंडात असताना ओरडता येत नाही, गिळली जाईल. तेवढ्या वेळात प्रार्थना उरकायची.

मग एके दिवशी ती मशिनामशिनाशी जाऊन माफी मागत फिरली. बायका घाबरून गेल्या. काहींना वाटलं हिला मोठा आजार निघाला. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "मी तुला एकदा घुबड म्हटलं होतं."

"एकदा?" मी म्हटलं.

"जितक्यांदा म्हटलं असेल तितक्यांदाची माफी. एकेक आठवत बसले तर शिफ्ट संपेल."

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. घुबड म्हटल्याचं मला कधी फार लागलं नव्हतं अशी माझी समजूत होती. माफी ऐकताना कळलं की लागलं होतं.

आणि हे चार दिवसांचं नव्हतं. नवी मुलगी उलटी बाही लावून बसली, तर भोंगा तिच्या शेजारी स्टूल ओढून बसायची, उसवायची, पुन्हा लावून दाखवायची. मोरीतलं रडणं थांबलं. मी देवाधर्माची फारशी बाई नाही. पण माणसाचं तोंड बदलतं तेव्हा आत काहीतरी खरंच घडलेलं असतं, एवढं मला मान्य करावं लागलं. इतकी सोपी गोष्ट असती तर माझा नवरा नसता का बदलला?

एकटी आक्का तेवढी खूश नव्हती. "पूर्वी हिच्या तोंडाकडं बघितलं की कळायचं आपण कुठं उभे आहोत," ती म्हणायची. "आता काय कळतच नाही बाई."

आक्का कॉलर करायची. कॉलर म्हणजे शर्टाचं तोंड, तिथे सगळ्यात चांगला हात बसवतात. ती आणि भोंगा एकाच वेळी कामाला लागलेल्या. भोंगा चढत गेली, आक्का मशिनवरच राहिली, पण डबा दोघींनी कायम एकत्र खाल्ला. सगळ्यात जास्त शिव्या आक्कालाच पडायच्या आणि सगळ्यात कमी लागायच्याही तिलाच. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. कारखाना, भाड्याची एक खोली आणि भोंगा, एवढाच तिचा संसार.

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ती कान झाकायची. "डोळ्यात सुरी घालतात म्हणे. जागेपणी!" कॉलरी बिघडायला लागल्या. काही मी परत पाठवायची, काही डोळे मिटून पुढे सोडायची. मग दुकानांकडून माल परत यायला लागला आणि माझे मिटलेले डोळेही उपयोगाचे राहिले नाहीत.

ह्या सुमारास नवा साहेब आलेला होता. तरुण, इस्त्रीचा, कुणावर कधी आवाज न चढवणारा. त्याने भोंग्याला केबिनमध्ये बोलावलं. काचेतून मला दिसत होतं. तो हसत हसत बोलत होता आणि भोंगा मान हलवत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या ओठांत टाचणी होती. ती टाचणी बराच वेळ तिथेच राहिली.

डब्याच्या सुट्टीत पाण्याच्या नळाशी तिने आक्काला गाठलं. मी मागे बाटली भरायला उभी होते.

"आक्का, तू डोळ्यांचं ऑपरेशन करून घे बघू. आणि मग चांगली विश्रांती घे. घाई नको करूस."

"आणि माझं मशिन?"

नळ वाहत होता. मग भोंग्याने आक्काच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं मशिन कुठं जातंय? तुझी जागा ठेवलीय."

"साहेब म्हणाला?"

"मी म्हणतेय ना."

आक्काने तिच्याकडे बघून घेतलं. दिसत किती होतं कोण जाणे. "हल्ली तू प्रार्थनेला जातेस," ती म्हणाली. "हल्ली तू खोटं नाही बोलायचीस." मग तिने नळ बंद केला. "करते बाई. घालू दे त्यांना सुरी."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. जाताना सगळ्यांना हसत हसत सांगून गेली, "परत येईन तेव्हा तुमची एकेकीची थोबाडं नीट बघून घेईन."

त्या रविवारी भोंग्याने मला आग्रहाने चर्चला नेलं. तिथे एक पद्धत आहे. प्रवचनाच्या आधी ज्याला वाटेल त्याने उठायचं आणि ह्या आठवड्यात देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. त्याला ते साक्ष म्हणतात. एकाचा ताप उतरला होता, एकीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मग भोंगा उठली.

"मला माझ्या मैत्रिणीला एक अवघड गोष्ट सांगायची होती," ती म्हणाली. "पूर्वीची मी असते तर तिला तोडून टाकलं असतं. पण प्रभूनं माझ्या जिभेवर गोडवा ठेवला. मैत्रीण रडली नाही. हसत घरी गेली."

सगळे "आमेन" म्हणाले. मीही म्हणाले. बाहेर पडताना दोन-तीन बायकांनी तिचा हात हातात घेतला. तिचा चेहरा उजळला होता. ती ढोंग करत नव्हती, हे मी आजही कुणालाही सांगेन. तिला खरंच वाटत होतं की तिने देवाला आवडेल असं काहीतरी केलंय.

आक्का परत आली ती सकाळी, शिफ्ट सुरू होता होता. फाटकापाशी आमच्या पिशव्या तपासत होते, आम्ही रांगेत होतो. आक्काच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. ती फाटकावरची पाटी मोठ्याने वाचत होती, लहान मूल वाचतं तशी. आत येऊ लागली तर वॉचमनने हात आडवा केला.

"तुमचं कार्ड बंद झालंय."

"बंद कसं होईल? सुपरवायझरला बोलव. माझी जागा ठेवलीय."

भोंगा आली. आक्का तिला बघून खुलली. "अगं, केवढ्या सुरकुत्या पडल्यात तुला! मला इतके दिवस वाटायचं, आपण दोघी तरुणच आहोत."

कुणीतरी हसलं. भोंगा हसली नाही. खांद्यावरच्या पट्टीतली टाचणी काढायला तिचा हात वर गेला आणि अर्ध्यावरून खाली आला.

"आक्का, जागा नाहीये."

"दुसरीला दिली? बरं, मग दुसऱ्या कुठल्या मशिनवर बसते. आता सगळं दिसतं मला."

"नाही गं. जागा ठेवलीच नव्हती." भोंगा खाली बघत नव्हती, तेवढं मी तिच्या बाजूने लिहून ठेवते. "साहेब म्हणाला, कॉलरवाल्या बाईंना कमी करायचंय. गडबड नको. तुम्ही हल्ली छान बोलता, तुम्हीच सांगा. जागेचं तो बोललाच नव्हता. ते मी माझ्या मनानं घातलं."

आक्काला ते कळायला वेळ लागला. रांग पुढे सरकत नव्हती.

"म्हणजे नळापाशी तुला माहीत होतं."

"हो."

"मी डोळ्याला पट्टी बांधून पडले होते, तू भेटायला आलीस. तेव्हा?"

"हो."

"माझ्या डोक्यावर हात ठेवून तू प्रार्थना केलीस!"

भोंग्याने मान डोलावली.

"मी त्या सुरीखाली गेले ते ह्या फाटकासाठी," आक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "शिव्या द्यायचीस तेव्हा निदान तोंडावर द्यायचीस."

"तुझं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं. मला वाटलं, कुणाला दुखवायचं नाही म्हणजेच..."

आक्का वळली आणि निघाली. रस्ता ओलांडताना तिने दोन्हीकडे नीट बघितलं. इतका संताप मला भोंग्याचा त्याआधी कधी आला नव्हता, घुबड म्हणायची तेव्हाही नाही. अगं, तुला गप्प बसायला शिकवलं होतं की खोटं बोलायला? वाईट बोलू नको म्हटलं म्हणजे खरं बोलू नको, असं कुणी सांगितलं होतं तुला?

मी हे तिला बोलून दाखवणार होते. पण आत गेल्यावर भोंगा सरळ हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मशिनं बंद करा जरा. मला ओरडायचं नाहीये."

मशिनं बंद झाली.

"आक्का आजारी म्हणून गेली नाही. तिला काढलं. काढायचं काम मी केलं, खोटं बोलून. चर्चमध्ये उभं राहून त्याचीच बढाईही मारली. यापुढं माझ्या तोंडून काही गोड ऐकलंत तर आधी विचारा, खरं आहे का म्हणून."

साहेब केबिनमधून बाहेर आला. "बाई, हे आत बसूनही बोलता आलं असतं."

"आत बसूनच बोललो होतो, साहेब." ती खरंच ओरडत नव्हती. तिचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. शिव्यांचाही नाही आणि गोडव्याचाही नाही. "तिला परत घ्या. तिचे डोळे आता माझ्यापेक्षा चांगले आहेत. आणि नसाल घेणार, तर ह्यापुढं ज्याला काढायचंय त्याला तुमच्या तोंडानं काढा. माझं तोंड मिळणार नाही."

आता इथे आम्ही सगळ्या उठून उभ्या राहिलो, असं लिहायला मला आवडलं असतं. आम्ही साहेबाकडे बघितलं, मग एकमेकींकडे. मग आक्काच्या मशिनवर बसवलेल्या मुलीने पेडल दाबलं. तिला नावं ठेवू नका, तिच्या घरी चूल पेटायची होती. तिच्यानंतर दुसरीने, मग तिसरीने. मीही एक शर्ट ओढून उलटा केला.

आक्काला परत घेतलं नाही. भोंग्याला काढलंही नाही. साहेब तेवढा हुशार होता. तिला सुपरवायझरवरून उतरवून माझ्या टेबलाच्या कडेला दोरे कापायला बसवलं. शर्टावरचे सुटे दोरे छोट्या कात्रीने कापायचे, नव्या मुलींचं काम. ती ते मान खाली घालून करते. बोलते कमी, पण बोलते ते पुरतं. परवा एकीने विचारलं, माझा हात बसेल का हो कॉलरवर? भोंगा म्हणाली, "नाही बसणार. बाहीवर बसेल. बाही चांगली करतेस." ती मुलगी हिरमुसली, पण बाहीवर बसली.

चर्चमध्येही तिने उठून ती साक्ष मागे घेतली. मी मुद्दाम गेले होते. ह्या वेळी कुणी आमेन म्हटलं नाही. पुढच्या बाकावरच्या बाया पायांकडे बघत राहिल्या. पाळक मात्र खाली उतरून तिच्या बाकावर येऊन बसले आणि गीत संपेपर्यंत तिथून उठले नाहीत. त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे.

राहिली आक्का. तिच्याकडे जायला भोंग्याचे पाय वळेनात. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मला म्हणाली, "तू चल बरोबर. मला हाकलून दिलं तर निदान जिन्यावरनं खाली कुणीतरी आणायला हवं."

तिची तयारी हाकलून घेण्याचीच होती. वाटेत ती स्वतःशी पुटपुटत होती. प्रार्थना असावी.

आक्काने दार उघडलं आणि तोंडभर हसली. "या ना, या! किती दिवसांनी. बसा."

तिने पलंगावरचं कापड सारखं केलं. खिडकीशी शिवणयंत्र होतं, त्यावर कुणाचा तरी अर्धवट झगा. ती आता शेजारपाजारचं शिवून देत होती. तिने आम्हाला पाणी दिलं, पंखा आमच्याकडे वळवला, माझ्या नवऱ्याची चौकशी केली, भोंग्याच्या नातीची केली.

"आक्का, मी माफी मागायला आलेय," भोंगा म्हणाली.

"अहो, माफी कसली? तुम्ही तरी काय करणार. वरून सांगितलं की करावंच लागतं."

"वरून नाही सांगितलं. खोटं माझं होतं."

"होतं असं. मनात नका ठेवू." आक्का तितकीच हसरी होती. "चहा टाकते. साखर चालते ना तुम्हाला?"

जिच्याबरोबर एका डब्यात आयुष्यभर जेवली, तिला ती साखर चालते का विचारत होती. भोंग्याचा चेहरा मला बघवेना. "आक्का, तुला राग आलाय. तो बोल की गं," ती म्हणाली. "काय वाटेल ते बोल."

"राग? छे हो. तुमच्यावर कशाला रागवायचं?"

चहा चांगला होता. आम्ही तो प्यालो. कप खाली ठेवून उठलो. आक्का दारापर्यंत आली. "सांभाळून उतरा हं. पायऱ्या उंच आहेत. येत जा अशाच."

दार हळूच लागलं. आम्ही दोन पायऱ्या उतरलो असू, तोच आतून आवाज आला.

"ऊठ मेल्या! ऊठ त्या झग्यावरनं! लोकांचं कापड आहे ते, तुझ्या बापाची गादी नाही. डोळे फुटले का तुझे? आणि वर बघतोय कसा लाडात! ये, ये इकडं भामट्या, तुला दूध हवंय ना?"

मांजर असावं, मी बघितलं नव्हतं.

भोंगा पायरीवर थांबली. एक हात भिंतीला टेकवून, मान तिरपी करून ती ऐकत राहिली. आत आक्का त्या मांजराला आणखी बरंच काही बोलली. ते सगळं संपून यंत्र सुरू झालं, तेव्हा आम्ही खाली उतरलो.